‘खबरदारी म्हणून’ तोडलेलं दूध

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असलेली एक मुलगी बोलत होती. दुपारी तीनला तिची डिलिव्हरी झाली होती, मुलगा झाला होता. मी मुबारकबाद द्यायच्या आतच तिने विचारलं, “आपा, बच्चे कू दूध पिलाऊं के नक्को?”

गरोदरपणातल्या रक्ततपासणीत तिला हिपॅटायटिस बी निघाला होता. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता. पण वॉर्डात कुणीतरी तिच्या सासूबाईंना सांगितलं, “काविळीचे जंतू आहेत, दुधातून बाळाला जातील. खबरदारी म्हणून पाजू नका.” सासूबाईंना तेवढं पुरेसं होतं. नवरा मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आला. बाळ बाटलीला तोंड लावत नव्हतं, रडत होतं. हिला पान्हा फुटत होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी तिला एकच उलटा प्रश्न केला, “बाळाला इंजेक्शनं दिली का?”

“कौनसे इंजेक्शन?”

हा लेख त्या उलट्या प्रश्नासाठी लिहिते आहे. दूध थांबवायची घाई सगळ्यांना होती. वॉर्डातल्या बाईला होती, सासूबाईंना होती, नवऱ्याला होती. ज्या दोन इंजेक्शनांमुळे बाळ खरोखर वाचणार होतं, त्यांची आठवण आठ तासांत एकालाही झाली नव्हती. आपल्याकडे ‘खबरदारी’ म्हणतात ती बहुतेक वेळा अशी असते. बाईकडून काहीतरी काढून घ्यायचं आणि आपण काळजी घेतली असं समजायचं.

मी डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण या विषयात मी एकदा फसले आहे. तेव्हापासून हाती लागेल ते वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

सन २००९, ऑगस्ट महिना. पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडवला होता, आमच्या सोलापुरातही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. मला ताप आला, खोकला आला. तपासणी झाली नाही, पण घरात निकाल लागला. बाळ दुसऱ्या खोलीत गेलं. आठ दिवस मी एका खोलीत आणि ती दुसऱ्या खोलीत. छाती भरून दगडासारखी व्हायची, गाठी यायच्या, कळा यायच्या. मग मी मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायचे. पलीकडच्या खोलीत त्याच वेळी पावडर कालवली जात असायची. आवाज ऐकू यायचा चमच्याचा.

आठ दिवसांनी बाळ परत मिळालं, पण तोवर दूध आटलं होतं आणि तिला बाटलीची सवय लागली होती. पुढच्या महिन्यात तिला जुलाब लागले आणि चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. मला आलेल्या तापाने तिला काही केलं नाही. आमच्या खबरदारीने केलं.

नंतर कळलं ते असं. फ्लूचा विषाणू खोकल्यातून, शिंकेतून, हातातून जातो. दूध ही त्याची वाट नाही. फ्लू झालेला माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू लागतो, म्हणजे ताप दिसून बाळाला उचलून नेईपर्यंत ते माझ्या श्वासात राहून चुकलेलं होतं. आणि त्या आठ दिवसांत माझं शरीर ज्या आजाराशी लढत होतं, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं माझ्या दुधात उतरत होती. म्हणजे बाळाला ज्याची सर्वांत जास्त गरज होती, ते मी मोरीत सोडत होते. फार भीती वाटत असेल तर आई आजारी असेतोवर बाळाला वेगळं ठेवून, तिचं काढलेलं दूध निरोग्या माणसाच्या हाताने वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं, हा सल्ला तेव्हाही उपलब्ध होता. आमच्या घरापर्यंत तो पोहोचला नाही. डबा मात्र पोहोचला.

तेव्हापासून मी एक साधा नियम धरला आहे. आईला विषाणूजन्य आजार झाला, तर ‘दूध बंद करू का?’ हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न हा की हा विषाणू कुठल्या वाटेने जातो? ती वाट अडवा. उगाच दुसरी वाट अडवून बसू नका.

सर्दी, फ्लू, कोरोना श्वासाच्या वाटेने जातात. मग आईने मास्क लावावा, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत, बाळाच्या तोंडावर खोकू-शिंकू नये, मुके घेऊ नयेत आणि पाजावं. अंगात त्राण नसेल तर दूध काढून दुसऱ्याने पाजावं. काढलेलं दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात साध्या हवेवर ४ तास चालतं.

डेंग्यू-चिकनगुनिया डासाच्या वाटेने येतात. मग आई आणि बाळ दोघांनाही मच्छरदाणीत घ्या, पाणी साचू देऊ नका, आणि पाजू द्या. औषधाचं भान मात्र ठेवा. डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉल चालतं, पण ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्तस्रावाच्या भीतीने टाळायचं असतं. शेजारणीने दिलेली गोळी घेऊ नका.

२०२० मध्ये तर सगळं जगच घाबरलं होतं. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कोरोनाबाधित आईपासून नवजात बाळ तात्पुरतं वेगळं ठेवण्याचा सल्ला दिला, आणि अनुभव गोळा झाल्यावर जुलैमध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटना त्या वर्षी सांगत होती की मास्क लावा, हात धुवा, पाजा. शिकलेली माणसंही घाबरून चुकतात, हे मला मान्य आहे. फरक इतकाच की त्यांनी तीन महिन्यांत चूक दुरुस्त केली. आमच्या मोहल्ल्यात २००९ ची चूक अजून चालू आहे.

आता हिपॅटायटिस बी. हा रक्ताच्या वाटेने जातो. आईकडून बाळाला मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी, रक्त आणि स्रावांतून. धोका खरा आहे आणि मोठा आहे. जन्माच्या वेळी ज्या बाळाला हा संसर्ग होतो, अशा दहांपैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे यकृत खातो. पण दुधाचं काय? लस निघण्याच्याही आधी, १९७५ साली तैवानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाधित आयांची अंगावर पिणारी बाळं आणि बाटलीवरची बाळं यांची तुलना केली, तर संसर्गात फरक आढळला नाही. दूध तोडून काहीही वाचलं नव्हतं.

वाचवतं ते वेगळंच. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस. ही लस सरकारी लसीकरणात आहे, मोफत आहे. आई बाधित असेल तर त्यासोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट लसीतून. इतकं केलं की आई निर्धास्त पाजू शकते. लस दिली जाईपर्यंत दूध रोखून धरायचीही गरज नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल, तर ती भरेपर्यंत त्या बाजूने पाजू नये, त्या बाजूचं दूध काढून टाकावं. हिपॅटायटिस सी झालेल्या आईलाही चिरेची हीच काळजी सांगतात आणि पाजायला मुभा असते.

म्हणजे त्या रात्री घड्याळ चालू होतं ते इंजेक्शनांचं, आणि घरचे डबा उघडत बसले होते.

आता सर्वांत अवघड विषय. एच.आय.व्ही. इथे दूध हीच एक वाट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कुठलाही उपचार न घेता बाळंतपण आणि स्तनपान झालं, तर एकूण १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. मग इथे तरी ‘बंद करा’ बरोबर नाही का?

बोट्स्वानाचं ऐका. आफ्रिकेतल्या या देशाने एच.आय.व्ही. बाधित आयांना सरकारकडून मोफत पावडर द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. २००६ च्या सुरुवातीला तिथे अतोनात पाऊस झाला, पाणी दूषित झालं आणि जुलाबाची साथ आली. शेकडो लहान मुलं दगावली. तपास झाला तेव्हा अंगावर न पिणाऱ्या बाळांना सर्वांत जास्त फटका बसल्याचं दिसलं. एका विषाणूपासून वाचवलेली मुलं घाणेरड्या पाण्याने नेली. ज्या वस्तीत नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि पिंपात साठवलं जातं, तिथल्या माणसाने बोट्स्वाना लांब आहे असं समजू नये.

त्याच्या आधी, १९९९ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली होती. निव्वळ आईचं दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा, आईचं दूध आणि सोबत वरचं काही घेणाऱ्या बाळांना संसर्ग जास्त होत होता. वरच्या अन्नाने कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला शिरायला जागा मिळते, असं त्याचं कारण सांगतात. आपल्या घरांत बाळाला घुट्टी, मध, साखरपाणी, कुणाच्या हातची कसली कसली बोटं चाटवणं सर्रास चालतं. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला द्यायचा नसतो. बाधित आईच्या बाळाला सहा महिन्यांच्या आत असलं काही चाटवणं म्हणजे थेट धोक्यात घालणं. पण घुट्टीला कुणी ‘खबरदारी म्हणून’ बंद करत नाही. बंद होतं ते फक्त आईचं दूध.

इथेही वाट अडवायचं साधन आहे. आईने ए.आर.टी.ची औषधं नियमित घेतली आणि बाळाला जन्मापासून किमान ६ आठवडे नेव्हिरापीनसारखं औषध दिलं, तर धोका पाच टक्क्यांच्या खाली येतो. गोळ्या चुकल्या नाहीत आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर त्याहूनही खाली. भारतात ए.आर.टी. केंद्रांवर ही औषधं मोफत मिळतात. म्हणून आपल्याकडचा सरकारी सल्ला असा आहे की सहा महिने निव्वळ आईचं दूध, नंतर वरच्या अन्नासोबत चालू, आणि औषधात खंड नाही. ज्या घरात स्वच्छ पाणी, इंधन, आणि पावडरचा खर्च सतत पेलण्याची ऐपत खरोखर आहे, त्या आईने डॉक्टरांशी बोलून वेगळं ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. पण ठरवलं की एकच काही ते. दोन्ही डगरींवर हात ठेवणं सर्वांत वाईट.

कुणी म्हणेल, ही बाई काहीही झालं तरी पाजाच म्हणते. तसं नाही. थांबायच्या खऱ्या जागा आहेत. स्तनावर नागीण किंवा हर्पीसचे फोड आले असतील, तर त्या बाजूने पाजायचं नाही. दुसरी बाजू स्वच्छ असेल तर चालते. बाळंतपणाच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला कांजिण्या उठल्या, तर नवजात बाळाच्या जिवाला मोठा धोका असतो. त्याला खास इंजेक्शन लागतं, काही दिवस वेगळंही ठेवतात. पण स्तनावर फोड नसतील तर काढलेलं दूध तिथेही देता येतं. इबोलासारख्या आजारात दूध थांबवतात. एच.टी.एल.व्ही. नावाचा, जपानमध्ये जास्त आढळणारा एक विषाणू दुधातून जातो, तिथेही थांबवतात. पाहा, यादी आहे आणि ती छोटी आहे. त्या यादीत ताप नाही, सर्दी नाही, डेंग्यू नाही, कावीळ बी नाही.

मग आपल्याकडे प्रत्येक तापाला दूध का तुटतं?

एक कारण डबा. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरची, बाटलीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. कायद्याला माहीत आहे की घाबरलेल्या आईसमोर डबा ठेवला की ती घेते. चार-पाचशे रुपयांचा डबा तान्ह्या बाळाला आठवडाभर जेमतेम पुरतो. विड्या वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या घरात तो पंधरा दिवस पुरवला जातो, म्हणजे दुप्पट पाणी घालून. बाळ शांत झोपतं, लोक म्हणतात पोट भरलं. ते उपाशी असतं.

दुसरं कारण आपली समजूत. ‘बीमार औरत का दूध जहर रहता’ हे वाक्य मी मास्तरीण झाल्यापासून कितीदा ऐकलं. हीच बीमार बाई त्याच तापात भाकऱ्या थापते, धुणं धुते, तेव्हा तिच्या हातचं कुणाला बाधत नाही. हिपॅटायटिस किंवा एच.आय.व्ही. निघाला तर आणखी एक विचार मनात येतो, हिलाच कसा झाला? नवऱ्याची तपासणी करा म्हटलं की घर गप्प होतं. दूध तोडणं ही मग खबरदारी राहत नाही, ती शिक्षा होते.

आणि तिसरं, आपल्यातल्या बोलणाऱ्या लोकांचं मौन. दूध पाजण्याच्या दोन वर्षांचा उल्लेख कुराणात, सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आहे, हे प्रत्येक बयानात बाईला ऐकवलं जातं. त्याच आयतीत असंही आहे की मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये आणि तिच्या खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची जबाबदारी बापावर आहे. हा अर्धा भाग कुठे जातो? पाजणाऱ्या आईला खायला घालणं, तिची औषधं आणणं, रात्री दवाखान्यात धावणं हे बापाचं काम आहे. आणि जिला खरोखर पाजता येत नाही, तिला टोमणे मारायचा हक्क कुणालाच नाही. मलाही नाही, माझंही दूध आटलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की देशात जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळणारी बाळं ४१.८ टक्के, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत निव्वळ आईच्या दुधावरची ६३.७ टक्के. आजार नसतानाही एवढी गळती आहे. त्यात प्रत्येक तापाची भर नको.

म्हणून माझ्या वाचणाऱ्या बहिणींना, आणि जास्त करून त्यांच्या नवऱ्यांना आणि सासवांना सांगते. कुणीही ‘खबरदारी म्हणून पाजू नका’ म्हटलं, की तिथेच विचारा: विषाणूचं नाव काय? तो दुधातून जातो का? बाळासाठी लस, इंजेक्शन, औषध काय आहे, आणि किती तासांत द्यायचं? किती दिवस थांबायचं? तोवर दूध काढून देता येईल का? उत्तर देता येत नसेल तर सांगणाऱ्याला म्हणा, मोठ्या डॉक्टरांना बोलवा. आणि उत्तर मिळेपर्यंत दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, म्हणजे ते आटणार नाही. हे मला २००९ मध्ये कुणी सांगितलं नाही.

त्या रात्री मी मुलीला फोन नवऱ्याकडे द्यायला लावला. तो आधी चिडला, मग ऐकलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं गेलं. त्यांनी कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. लस तिथे होती, इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. नवरा भर पावसात गाडी काढून गेला आणि तिसऱ्या ठिकाणाहून ते घेऊन आला. रात्री दीड वाजता दोन्ही मांड्यांत इंजेक्शनं झाली. म्हणजे साडेदहा तास झाले होते. डॉक्टरांनीच बाळ आईच्या अंगाला लावायला सांगितलं. ते लगेच प्यायलं, असं ती म्हणाली.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्याच तिला मेथीचे लाडू घेऊन आल्या. बाळाचे सगळे डोस झाले आहेत. आता त्याची रक्ततपासणी करायची आहे, नवव्या महिन्यानंतर करतात. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली आहे. नवऱ्याचीही त्याच दिवशी होणार आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं.